टिटवीच्या गोष्टीचं तात्पर्य

॥ श्री ॥

झाशी,
१८ जुलै २०२३

चि. शर्वरीस श्रीकृष्णकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. या जमान्यात पत्र म्हणजे एक तर वकिलाचं नाहीतर म्हाताऱ्याचं. हे म्हाताऱ्याचं आहे. माझे कान पार गेले. फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर टाकला की आभा खेळ सोडून कान टवकारते. मला जे सांगायचं आहे ते नातीसमोर सांगण्यासारखं नाही.

आमच्या सूनबाईला, शलाकाला, बरं नाही. रक्ताचा काहीतरी विकार निघाला आहे. नीरज तिला घेऊन गेल्या महिन्यात दिल्लीला गेला, तिथल्या दवाखान्यात ती भरती आहे. इथे मी आणि आभा. शेजारच्या दुर्गाजी स्वयंपाकाचं बघतात, पोरीची वेणी घालतात, "काए बिन्नू, हिलो नईं" म्हणून दम भरतात. पोरीला आम्ही सांगितलं, आई बरी व्हायला गेली आहे. ती रोज विचारते, कब आएगी?

तुझा बाप माझा मावसभाऊ, त्या हक्काने एक काम सांगतो. तुला माहीत आहे, मी भुसावळहून बदली होऊन आलो आणि इथलाच झालो. आभा बोलते हिंदी, मराठी नुसती कळते. मराठी तिच्या कानावर पडायची ती रात्री, शलाका तुझी पुस्तकं वाचायची तेव्हा. तुझी हट्टी शेळी तिला तोंडपाठ आहे. मराठीत बोल म्हटलं तर लाजते, पण शेळी म्हणताना एक शब्द चुकत नाही. म्हणून म्हणतो, तिच्यासाठी हाताने एक पुस्तक करून पाठव. कोणाची तरी आई लांब गेली आहे, पोर शहाण्यासारखं राहतं, हट्ट करत नाही, आणि मग आई परत येते. असं काहीतरी, यमकात.

आणि एक तक्रार. तुझ्या पुस्तकांना तात्पर्य नसतं. आमच्या वेळी गोष्टीखाली ठळक छापलेलं असायचं. तात्पर्याशिवाय गोष्ट म्हणजे गार्डाचा डबा न जोडलेली मालगाडी. पस्तीस वर्षं त्या डब्यात बसलेला माणूस सांगतो आहे, ऐक.

तुझा
श्रीकृष्णकाका


पुणे,
२७ जुलै २०२३

ती. श्रीकृष्णकाकांस सा. न.

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा शलाकाला फोन लावला. तिने उचलला. आवाज बारीक होता, पण हसली. म्हणाली, "ताई, आभाला माझी आठवण यायला हवी आणि यायला नको, दोन्ही."

पुस्तक नक्की करते. पण तुम्ही सांगता तसं नाही. काका, रागावू नका. पोर शहाण्यासारखं राहिलं म्हणून आई परत आली, हा तुम्ही त्या एवढ्याशा जिवाशी सौदा करताय. समजा आईला उशीर झाला, तर ती काय समजेल? की मीच पुरेशी शहाणी नव्हते. मोठी माणसं डॉक्टरला दोष देतात, देवाला देतात. मुलं स्वतःला देतात.

माझ्या पुस्तकांना तात्पर्य नसतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? असतं. पिठात मीठ असतं तसं असतं. वरून वेगळं भुरभुरलं की पोळी खारट होते आणि मुलं थुंकून टाकतात. थुंकली तर एक वेळ बरं. यमकाची खोड वाईट आहे, काका. ते जुळलं की मूल विचारत नाही, हे खरं आहे का. शाळेत शिकवलेलं विसरतं, आईने ओरडून सांगितलेलं विसरतं, पण दोन ओळी जुळल्या की त्या जन्मभर डोक्यात. म्हणून मी यमकात खोटं लिहीत नाही. एवढा एकच नेम पाळते, बाकी उपासबिपास काही करत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा मला खरं सांगा. शलाका परत येणार आहे ना? येणार असेल तर मी तसं लिहिते.

तुमची
शर्वरी


॥ श्री ॥

झाशी,
६ ऑगस्ट २०२३

चि. शर्वरीस अनेक आशीर्वाद.

आधी रागावतो. पत्रावर श्री का घातलं नाहीस? आपल्याकडे बिनश्रीचं पत्र एकाच बातमीचं असतं. ते वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. पाकीट उघडलं, कागदाचा माथा मोकळा पाहिला आणि आधी शेवटची ओळ वाचली. तुम्ही शिकलेल्या मुली यमकाचा एवढा विचार करता, जरा म्हाताऱ्याच्या काळजाचाही करत जा.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. येणार आहे. मी स्वतः दिल्लीला जाऊन आलो. औषध लागू पडतं आहे, दिवाळीपर्यंत घरी पाठवू असं डॉक्टर म्हणाले. माझ्यासमोर तिने दोन फुलके खाल्ले आणि वर मलाच म्हणाली, बाबा, तुम्ही वाळलात. तेव्हा बेलाशक लिही.

सौद्याचं म्हणशील, तर आमचं आयुष्य त्यावरच गेलं. वेळेवर वागा, वेळेवर बढती. मला काही वाईट दिसत नाही त्यात. पण पुस्तक तुझं, मर्जी तुझी.

श्रीकृष्णकाका


॥ श्री ॥

पुणे,
२४ ऑगस्ट २०२३

ती. काकांस सा. न.

घ्या, श्री घातलं.

सोबत पुस्तक आहे. नायिका टिटवी. तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं, यार्डात रुळालगतच्या खडीत टिटवीने अंडी घातली होती आणि तुम्ही गँगमनच्या पाया पडून ती वाचवलीत. तेव्हापासून ती माझ्या डोक्यात होती. सुरुवात अशी:

रुळाशेजारी खडीत घर,
टिटवी बसली अंड्यांवर.

मग अंड्यातून पिल्लू येतं, आईचा पंख दुखावतो आणि तिला औषधाच्या पाण्यासाठी लांब जावं लागतं:

आई उडाली नदीपार,
पिल्लू म्हणाले, कधी येणार?

पाचव्या पानावर पिल्लू रडताना काढलं आहे, चांगलं भोकाड पसरून. सहाव्या पानावर ते हट्ट करतं, किडे खात नाही. सातव्यावर शेजारची म्हैस त्याला पाठीवर बसवते. ती म्हैस म्हणजे तुमच्या दुर्गाजी. सांगू नका त्यांना. आणि शेवट:

थंडी पडली, दिवे लागले,
खडीवरती पाय वाजले.
आई आली, आई आली,
पिल्लू शिरले पंखाखाली.

तात्पर्य घातलेलं नाही. शेवटचं पान कोरं ठेवलं आहे, आभाला चित्र काढायला. शलाकाला सांगा, घरी आली की हे तिनेच वाचून दाखवायचं. तोवर तुम्ही चालवून घ्या. तुमच्या खड्या आवाजाने म्हैस मात्र घाबरेल.

तुमची
शर्वरी


॥ श्री ॥

झाशी,
२१ सप्टेंबर २०२३

चि. शर्वरीस आशीर्वाद.

पुस्तक ऑगस्टअखेर पोचलं. उत्तराला उशीर झाला, मधे धावपळ होती. आभाने ते एका दिवसात पाठ केलं. दुर्गाजी म्हणाल्या, टिटहरी का बोलना अच्छा नहीं होता, दूसरी चिड़िया नहीं मिली क्या? मी म्हणालो, पोरीला आवडली आहे, राहू द्या.

एक सांगतो, ओरडू नकोस. पुस्तक आलं त्याच दिवशी मी त्या कोऱ्या पानावर दोन ओळी जोडल्या. राहवलं नाही. हात शिवशिवतात म्हणतात तसं झालं. आयुष्यात कधी कविता केली नव्हती, पण जुळल्या बुवा:

जे न रडे, जे हट्ट न करी,
त्याची आई ये लवकर घरी.

आभाला तुझ्या सगळ्या पुस्तकात याच ओळी जास्त आवडतात असं दिसतं. सारखी पुटपुटत असते. फार गुणी झाली आहे. दुधीची भाजी तोंड वाकडं न करता खाते. परवा पायरीवरून पडली, गुडघा फुटला, तर ओठ दाबून बसली, एक टिपूस काढलं नाही. दुर्गाजी म्हणाल्या, बड़ी बहादुर है हमारी बिन्नू. मला मात्र ते पाहवलं नाही. उठून आत गेलो.

यंदा गणपती आणला नाही. करणारं कोणी नाही घरात. नीरज येऊन परत गेला. शलाकाविषयी नवीन लिहिण्यासारखं काही नाही.

श्रीकृष्णकाका


॥ श्री ॥

पुणे,
१० ऑक्टोबर २०२३

ती. काकांस सा. न.

घुसखोर! एका गार्डाने दुसऱ्याच्या गाडीला असा डबा जोडला असता तर तुम्ही मेमो दिला असता की नाही? आधी हसले तुमच्या ओळी वाचून, मग खरोखर राग आला. अजून आहे.

काका, माझं पिल्लू रडतं. हट्टही करतं. आणि तरीसुद्धा आई येते. सगळं पुस्तक एवढ्याचसाठी लिहिलं होतं, की रडलं तरी आई येते. तुम्ही शेवटच्या पानावर ते उलटं करून टाकलंत. गुडघा फुटल्यावर न रडणारी सहा वर्षांची पोर मला बहादुर वाटत नाही, मला तिची भीती वाटते. ते पान कृपा करून चिकटवून टाका. तिला सांगा, आजोबांची चूक झाली, पिल्लू रडलं तरी चालतं.

तुम्ही गणपती आणला नाहीत हे वाचून वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ना? पण घरात बाई नसली की होतं असं. पुढच्या वर्षी शलाका दणक्यात बसवेल. तिला दोनदा फोन केला, लागला नाही. थकली असेल म्हणून पुन्हा केला नाही. दिवाळीसाठी तिला एक साडी पाठवते आहे, झाशीच्याच पत्त्यावर. हलकी सुती घेतली आहे, आजारातून उठलेल्या माणसाला टोचू नये अशी. रंग डाळिंबी. आवडेल ना तिला?

तुमची
शर्वरी


झाशी,
१९ नोव्हेंबर २०२३

चि. शर्वरीस,

वर श्री नाही. विसरलो नाही.

शलाका गेली. आत्ता नाही गं, सप्टेंबरच्या सुरुवातीलाच. तुझं पुस्तक आल्यानंतर आठवडाही झाला नव्हता. ताप चढला आणि उतरलाच नाही. मी पोचलो तेव्हा ती बोलत नव्हती. सगळं दिल्लीतच उरकलं. आभा दुर्गाजींकडे होती. नीरजने माझे पाय धरले. म्हणाला, बाबा, तिला इतक्यात सांगू नका, मी तिच्यासमोर उभा नाही राहू शकणार. तो आला तेव्हा त्याचं मुंडन केलेलं डोकं पाहून पोरीने विचारलं, पापा, टकले क्यों? तो म्हणाला, गर्मी थी. आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघून गेला. अजून तिकडेच आहे, एकटा, कामाचं निमित्त करून.

गणपतीतलं पत्र लिहिताना मी वर श्री लिहिलं. हात थांबला होता. तरी लिहिलं. तुला सांगितलं असतं तर तू गप्प बसली नसतीस, आणि मला कोणीतरी गप्प बसणारं हवं होतं.

आता दिवाळीचं ऐक. सुतकाचं वर्ष, घरात ना फराळ ना कंदील. पण पुस्तकात दिवे लागतात. आभा धनत्रयोदशीलाच म्हणाली, आजोबा, दीये नहीं लगाएँगे तो आई को कैसे पता चलेगा? दुर्गाजींना घेऊन मानिक चौकातून पणत्या आणल्या तिने. मग घरामागच्या सायडिंगवर गेली आणि फ्रॉकच्या ओच्यात भरून खडी आणली. दोन-तीन खेपा केल्या. फाटकापासून पायरीपर्यंत नीट पसरली. मी विचारलं, हे काय गं? तर म्हणाली, पाँव बजेंगे ना.

रोज संध्याकाळी पणत्या लावून ती दारात बसायची. ज्याचा-त्याचा पाय खडीवर वाजायचा, आणि ती उठून उभी राहायची. मिठाई घेऊन दुर्गाजी आल्या, त्यांचे यजमान सुमेधबाबू आले, दूधवाला हिशेबाला आला. प्रत्येक वेळी उठली. भाऊबीज झाली तशी उठणं थांबलं. रडली नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आजोबा, मैं तो एक बार भी नहीं रोई. हट्ट भी नहीं किया. बस जब स्कूल में टीके की सुई लगी थी, तब थोड़ा-सा रोई थी. उसी से नहीं आई क्या?"

शर्वरी, तू लिहिलं होतंस तेच झालं, अक्षरन् अक्षर. ते पान मी चिकटवलं नव्हतं. चिकटवून तरी काय, तिला पाठ होतं.

मी तिला म्हणालो, नाही बाळ, आईची गाडी लेट आहे. ही माझी सवय, गाडी रद्द झाली तरी माणसांना लेट म्हणून सांगायची.

आता एकच कर. दुसरं पुस्तक पाठव. पिल्लू रडलेलं चालेल, सगळं तुझ्या मनासारखं कर. फक्त आईला होळीपर्यंत उशीर होतो असं लिही. होळीपर्यंत मी धीर गोळा करतो. तुझ्याशिवाय तिचा कोणावर विश्वास नाही. मी सांगितलेलं ती दुर्गाजींना जाऊन विचारते, तुझ्या पुस्तकातलं मात्र विचारत नाही.

साडी पोचली. डाळिंबी रंग तिला आवडला असता. कपाटात ठेवली आहे.

पत्र वाचून फाडून टाक.

श्रीकृष्णकाका


पुणे,
२५ नोव्हेंबर २०२३

ती. श्रीकृष्णकाकांस,

पत्र फाडलं. दोन दिवस ठेवून मग फाडलं.

शलाका नाही, आणि मी तिच्यासाठी साडीचा रंग निवडत होते. तुम्ही गणपती आणला नाही असं लिहिलंत, तिचा फोन लागत नव्हता, तरी मला कळलं नाही. कळून घ्यायचं नसेल मला. त्याचा राग तुमच्यावर काढावा असं वाटतं, पण काढणार नाही. तुम्ही एकटे होतात.

पुस्तक पाठवणार नाही.

काका, हे वाचून कागद टाकून देऊ नका, पुढचं वाचा. होळीला ती परत खडी पसरेल. मग कोणता सण सांगायचा? राखी? ती आपलं वागणं आणखी तपासत बसेल, कुठे चुकलं म्हणून. तुमच्या दोन ओळींना मी नावं ठेवली, पण माझ्या ओळी कुठे खऱ्या निघाल्या? 'आई आली, आई आली' मीच लिहिलं. नेम माझाही मोडला. ती माझ्या पुस्तकातलं कोणाला विचारत नाही म्हणता, म्हणूनच आता माझ्या पुस्तकातून नको. हे यमकात सांगण्यासारखं नाहीच. यमकात मरणसुद्धा गोड लागतं, आणि हे गोड लागता कामा नये.

तुम्ही सांगा. बसून, साध्या बोलण्यात. हिंदीत सांगा, तिला मनात हिंदीच चालते. 'देवाघरी गेली' म्हणू नका, घरी गेलेलं माणूस परत येतं असं तिला वाटेल. 'झोपली' म्हणू नका, तिला झोपायची भीती बसेल. मेली म्हणा. तोंडाला कडू वाटेल, तरी म्हणा. आणि तिच्यामुळे नाही, शाळेत लस टोचली तेव्हा रडली त्यामुळे नाही, हे ती विचारेल तितक्या वेळा सांगा. नीरजला बोलावून घ्या. त्याला म्हणावं, उभं राहता येत नसेल तर बस, पण ये.

तुम्ही मोठे आहात, मी असं लिहू नये. पण शलाकाने सांगितलं असतं ते तिच्याऐवजी लिहिते आहे. मी पुढच्या महिन्यात झाशीला येते. पुस्तक न घेता येते.

तुमची
शर्वरी


॥ श्री ॥

झाशी,
६ डिसेंबर २०२३

चि. शर्वरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा संताप आला. इलाइट चौराह्यापर्यंत चालत गेलो, तिथून रिक्षाने परत आलो, पुन्हा वाचलं. मग नीरजला फोन केला. स्पीकरवर, आभा शाळेत असताना. तो म्हणाला, येतो.

काल रविवार नव्हता तरी पोरीला शाळेत पाठवलं नाही. सकाळी ऊन होतं, पायरीवर बसलो तिघे. नीरजने तोंड उघडलं आणि फाटकाकडे मान वळवली, म्हणून मीच बोललो. तू सांगितलंस तसं. "बेटा, आई मर गई है. बहुत बीमार थी, डॉक्टर ठीक नहीं कर पाए. अब वो नहीं आएगी." एवढं वाक्य बोलायला मला तीन महिने लागले. शब्द तेवढेच होते.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग नीरजकडे पाहिलं. त्याचे केस आता वाढले आहेत. म्हणाली, "दिवाली पे भी नहीं आने वाली थी?"

नाही, म्हणालो.

"मैं टीके वाले दिन रोई थी, इसलिए?"

नाही. मी सांगितलं, तू रडलीस म्हणून नाही, हट्ट केलास म्हणून नाही. तू दिवसभर रडत बसली असतीस तरी एवढंच झालं असतं. आणि तू शहाणी राहिलीस, त्यानेही काही थांबणार नव्हतं. आजोबांनी पुस्तकात लिहिलं ते खोटं होतं. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. किती वेळा ते मोजलं नाही.

मग ती नखाने पायरीचं सिमेंट खरवडत बसली. आम्हाला वाटलं तिला कळलं नसेल. नीरज उठायला लागला, तेवढ्यात तिने विचारलं, अगदी परवानगी मागावी तसं,

"तो अब रोने से कुछ नहीं होगा ना?"

नाही बाळा, मी म्हणालो. काही होणार नाही.

तेव्हा रडली, शर्वरी. असं रडणं मी ऐकलं नव्हतं, आणि माझ्या या कानांना ते स्पष्ट ऐकू आलं. तीन-चार महिन्यांचं आत दाबून ठेवलेलं होतं पोरीने, माझ्या दोन ओळींवर विश्वास ठेवून. नीरजने तिला मांडीवर घेतलं आणि तोही रडला. आवाज ऐकून दुर्गाजी धावत आल्या, पाणी घेऊन, "चुप हो जा बिन्नू, अच्छे बच्चे..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं तोच मी हात वर करून त्यांना थांबवलं. त्या समजल्या. पाण्याचा पेला खाली ठेवून तिथेच आमच्याजवळ बसल्या.

दुपार झाली तरी ती रडत होती. आम्ही कोणीच तिला गप्प केलं नाही.

तुझा
श्रीकृष्णकाका